मूठ की पंजा

माझ्या ताईला ऐकू येत नाही. लहानपणी तिला मोठा ताप आला, त्यात तिचे कान गेले आणि नुकते आलेले चार शब्दही हळूहळू गेले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण जसं आठवतं तसं लिहितो.

आमचं गाव मिरजगावपासून आत, माळावर. मी प्राथमिक शाळेत असताना अण्णांनी बाजारातून एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही गोधडीत गुंडाळून टेम्पोतून आणला. टीव्ही आणणं सोपं होतं, त्याच्यात चित्र आणणं अवघड. नगरच्या टॉवरपासून आम्ही इतके लांब, की अँटेना जरा इकडची तिकडे झाली तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या. म्हणून अण्णांनी बोअरचे दोन जुने पाईप एकाला एक जोडून उंच खांब केला. अंगणात फरशी टाकली, फरशीवर मोडक्या जात्याची तळी ठेवली आणि तळीच्या भोकात पाईपचं खालचं तोंड बसवलं. भिंतीशी तो कासऱ्याने सैल बांधला. त्यामुळे पाईप जमिनीला न टेकता दगडात फिरायचा. स्लॅबवर उभं राहून एका हाताने ढकलला तरी वरच्या काड्या तोंड वळवायच्या. गावात असा फिरणारा खांब आमचाच होता आणि अण्णांना त्याचं कौतुक होतं.

इतर घरांत अँटेना फिरवायची म्हणजे भांडण असायचं. एकजण वर, एकजण दारात, एकजण टीव्हीपुढे. वरचा विचारायचा, "आलं का?" आतला ओरडायचा, "आलं!" आणि ते शब्द वाऱ्यावर वर जाईपर्यंत चित्र गेलेलं असायचं. मग शिव्या. आमच्याकडे वर ताई असायची. मी एक पाय घरात, एक पाय अंगणात ठेवून उभा राहायचो आणि हात वर करायचो. उघडा पंजा म्हणजे चित्र गेलं. दोन बोटं देवळाकडे म्हणजे तिकडे फिरव, पाण्याच्या टाकीकडे म्हणजे तिकडे. पंजा हलत राहिला तर मुंग्या आहेत, अजून थोडं. आणि मूठ मिटली की झालं, पाईपवरचा हात काढ, आता हलायचं नाही. ताई वरून माझ्या हाताकडे बघायची आणि पाईप एवढा एवढा सरकवायची. मूठ दिसली की तिचा हात लगेच सुटायचा. आमचं चित्र शेजाऱ्यांच्या आधी लागायचं.

तिला बोलवायचं कसं, ते आईने शोधलं. ताई वर कुरडया वाळत घालत असली, दाणे निवडत असली, की पाईपला पाठ टेकून बसायची. खाली आई चुलीपुढची लोखंडी फुंकणी घेऊन पाईपवर टक टक करायची. तो ठोका पाईपमधून वर जाऊन ताईच्या पाठीत लागायचा. ती हात पाईपवर ठेवून खाली बघायची. हाकेसारखंच होतं ते. मला आठवतं, मीही कधीकधी उगाच टक टक करायचो. ती बघायची, मी काहीच नाही असा पंजा दाखवायचो आणि ती वरून खडा मारायची.

हळूहळू आळीतले लोक तिला घेऊन जायला लागले. "वैनी, लेकीला जरा धाडा, बातम्या सुटत्यात," म्हणत कुणीतरी यायचं. ताई त्यांच्या माळवदावर चढायची आणि त्या घरातलं कुणीतरी दारात उभं राहून हात वर करायचं. अशाने सगळी आळी ती बोटं शिकली. मग ती बोटं टीव्हीपुरती राहिली नाहीत. पंजा म्हणजे नाही, संपलं, घरी नाही. हलता पंजा म्हणजे बरं नाही, ताप आहे. मूठ म्हणजे झालं, बरोबर, थांब. समोरच्या काकू आपल्या माळवदावरून ताईशी तासतास असं बोलायच्या. काय बोलायच्या कोण जाणे, पण दोघी हसायच्या. काकू आईला म्हणायच्या, "माझ्या सुनंला सांगून सांगून घसा दुखतो. हिला नुसती बोटं दावली की काम व्हतं. बदलून घेती का बोल."

आई म्हणायची, "सून दोन वेळा जेवती. माझी तीनदा जेवती. परवडायचं न्हाई तुमास्नी."

रविवारी दुपारी सरकारी टीव्हीवर ऐकू न येणाऱ्यांसाठी बातम्या लागायच्या. एक बाई सगळ्या बातम्या हातांनी सांगायची. ताई त्या वेळेला पडद्याच्या इतकी जवळ बसायची की तिच्या तोंडावर उजेड पडायचा. त्या बाईचे हात दिल्लीचे आणि ताईचे आमच्या आळीचे. तिला त्यातलं फार कळत असेल असं वाटत नाही. पण पडद्यातून कुणीतरी तिच्याच रीतीने बोलतंय, हे तिला कळत होतं. ते संपलं की ती स्लॅबवर जाऊन एकटीच हात फिरवून बघायची. आम्ही रविवारी दुपारी टीव्हीला हात लावत नसू.

मग पाच-सहा वर्षांनी केबल आली.

मिरजगावच्या एका माणसाने मोठी छत्री बसवली आणि खांबाखांबावरून, लिंबांवरून, लोकांच्या कौलांवरून काळी वायर आत आणत गावापर्यंत पोचवली. वायर लोंबू नये म्हणून तिला बाइंडिंगच्या तारेचा आधार असायचा. पहिल्यांदा किराणा दुकानदाराने घेतली. त्याच्याकडे रंगीत चित्र, मुंग्या नाहीत, पावसात जात नाही, कावळा बसला तरी हलत नाही. मग दुधाच्या डेअरीजवळची घरं. मग आमची आळी. वायर आली की लोक आधी अँटेना उतरवायचे. काड्या भंगारवाला न्यायचा आणि पाईप गोठ्याला लागायचा. मला वाटतं त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मी स्लॅबवर उभा राहून बघितलं तर वर आकाशात काही नव्हतं. पूर्वी सगळ्या अँटेना नगरकडे तोंड करून उभ्या असायच्या, शाळेतल्या प्रार्थनेसारख्या. आता उरली होती ती एकटी आमची. त्या रिकाम्या आकाशाची मला भीती वाटली. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

ताईला ते माझ्या आधी कळलं असावं. तिला आता कुणी बोलवायला येत नव्हतं. समोरच्या काकूंची वायर आली त्यानंतर काही दिवसांनी ताई वरून त्यांना पंजा हलवून विचारत होती, तब्येत कशी आहे म्हणून. काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी बघितलं, हसल्या आणि खाली आईला विचारलं, "काय म्हनती गं तुझी लेक? माश्या हानती का?"

आईने सांगितलं.

"व्हय व्हय. अगं इसरून गेले बघ. आता कुठं हात वर करावा लागतो?" काकू म्हणाल्या. वाईट मनाने नाही. सहज.

त्याच महिन्यात ताई डोक्यावर हंडा घेऊन रस्त्याने येत होती आणि मागून दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हर नवा होता, तो हॉर्न वाजवत राहिला. पारावर बसलेली माणसं ओरडायला लागली, "ए पोरी, बाजूला हो, ए!" हीच माणसं पूर्वी तिच्या पुढ्यात खडा टाकायची आणि ती वळली की बोट दाखवायची. त्या दिवशी सगळे नुसते ओरडत होते. टेम्पो तिला घासून गेला. हंडा पडला. ती वळली तेव्हा तिला सगळ्यांची उघडी तोंडं दिसली. घरी येऊन तिने मला तसं तोंड उघडून दाखवलं आणि मग पंजा. मला त्या पंज्याचा अर्थ लागला, पण मी तो आईला सांगितला नाही.

केबलवाला अण्णांकडे दोनदा येऊन गेला. "अण्णा, वीस चॅनेल हायेत. ह्या काड्यांवर नुसतं कावळं बसत्यात."

"बसू द्या की. त्यास्नीबी कुठं तरी बसाया पाहिजे," अण्णा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "लेकीचं रविवारचं असतं, हातानं बोलत्यात ते. ते लागंल का तुमच्या वायरवर?"

"सगळं लागंल. रविवारी दुपारी आमी पिक्चर लावतो त्या जागी, लोकं मागत्यात. पन बघू की."

अण्णांनी चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं. पण आमच्या मागच्या दोन घरांना वायर हवी होती आणि ती आमच्या स्लॅबवरून नेणं जवळ पडत होतं. त्याला अण्णा नाही म्हणाले नाहीत. शेजारधर्म होता. मी अकरावीची परीक्षा देऊन घरी होतो. रविवारी सकाळी केबलवाला एका वायरमनला घेऊन आला. हा वायरमन कर्जतकडचा, आमच्या गावात नवा. अंगाने मजबूत, तोंडाने बडबड्या. शिडी लावताना त्याने ताईला दोन-तीन वेळा काहीतरी विचारलं आणि ती नुसती बघत राहिली तेव्हा केबलवाल्याने त्याला सांगितलं. "मुकी व्हय? मग बरं हाय, भांडाण न्हाई," तो म्हणाला आणि हसला.

दुपार झाली. वैशाखाचं ऊन होतं, माती इतकी वाळलेली की पाऊल टाकलं की धुरळा उडायचा. ताई वर कुरडया उलट्या करत होती. रोज ती पाईपला टेकून बसायची, पण त्या बाजूला वायरमनने वेटोळी टाकल्यामुळे ती पलीकडच्या कठड्याशी सरकली होती. आईने आत टीव्ही लावला. बातम्यांची वेळ होत आली होती. मी माझ्या नेहमीच्या जागी, उंबऱ्यात होतो. वायरमन मागच्या गल्लीत उतरून आधाराची तार ओढत होता. ती तार कशाला तरी अडकली होती. त्याने जोराने झटका दिलेला मला आवाजावरून कळला.

आत टीव्हीमधून फट असा आवाज आला आणि चित्र गेलं. टीव्हीमागे लावलेल्या अँटेनाच्या बूस्टरमधून जळका वास यायला लागला.

आईला वाटलं, वायरमनने अँटेना हलवली. बातम्या तर आता लागणार. तिने सवयीने फुंकणी उचलली आणि ताईला बोलवायला अंगणात निघाली. तिला तेव्हाच थोडं अंधुक दिसायला लागलं होतं, डोळ्यांत चुलीचा धूर बसलाय असं ती म्हणायची. मी तिच्या मागे बाहेर आलो. वर बघितलं तर ताई कठड्याशी उभी होती. ती टीव्ही बघू शकत नव्हती, पण आम्हाला न दिसणारी एक गोष्ट तिला दिसत होती. झटक्याने आधाराची तार वायरमनच्या हातातून सुटून उडाली होती आणि विजेच्या खांबावरच्या उघड्या तारेवर पडली होती. तिचं दुसरं टोक आमच्या अँटेनाच्या काड्यांत गुंतलं होतं. खांबावर ठिणग्या उडत होत्या. खालून ते घरांच्या आडोशाने दिसत नव्हतं. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा दिसला तो फक्त ताईचा हात. तो वर गेला आणि मूठ मिटली.

अँटेना फिरवण्याच्या इतक्या वर्षांत मूठ नेहमी खालून वर जायची. आम्ही दाखवायचो, ती हात काढायची. वरून खाली मूठ कधीच आली नव्हती. आणि चित्र तर गेलेलं होतं. आई फुंकणी उगारून पाईपपासून हातभर अंतरावर होती. ती म्हणाली, "चित्र गेलंय आन ही मूठ कशापायी दावती?" पण हे म्हणताना ती थांबली होती. थांबायचं आधी झालं, बोलायचं नंतर. मूठ म्हणजे हात काढ. तिच्याही अंगात ते बसलेलं होतं.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून वायरमन आत आला. तार कुठे अडकली आहे ते बघायला. त्याला ताई मूठ उगारून उभी दिसली. "काय रं बाबा, मुकी मारायला उठली," तो म्हणाला. ताई आता दोन्ही मुठी हलवत होती आणि तिच्या गळ्यातून आवाज निघत होता. तिचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. आळीतली माणसं त्या आवाजाने दारात आली आणि तिच्याकडे बघून ओरडायला लागली, "काय झालं गं? खाली ये, खाली ये." मी म्हणालो, "थांबा." मोठ्याने म्हणालो की मनात, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. वायरमनने हसत हसत पाईप धरला, हलवून तार सोडवावी म्हणून.

त्याचा हात सुटेना. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि तो पाईपला चिकटून थरथरायला लागला. अण्णा गोठ्यातून बाभळीचं दांडकं घेऊन धावले आणि त्यांनी त्याच्या हातावर घाव घातला. दुसऱ्या घावाला तो मागे पडला. कुणीतरी वीज बंद करायला डीपीकडे पळालं. आई फुंकणी हातात धरून होती तिथेच उभी होती, आणि वर ताईच्या मुठी अजून मिटलेल्या होत्या. वीज गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिच्याकडे बघून मूठ मिटली. झालं. तेव्हा ती खाली बसली.

वायरमन जगला. त्याला जीपमधून नगरला नेलं. त्याचा तळहात जळला होता आणि तो महिनाभर तिकडेच होता. संध्याकाळी आमच्या अंगणात माणसं जमली. मला वाटलं होतं, कुणीतरी ताईबद्दल बोलेल. बोलले पाईपबद्दल. "एवढं लोखंड उभं करून ठिवायचं म्हंजी इजंला बोलावणंच की." "सगळ्यांनी काढलं, तुमीच अडून बसला." एकजण म्हणाला, "आन ती मूठ कशाची दावीत हुती? सरळ खुणंनं सांगावं ना, मानसाला कळंल असं." तो माणूस आमच्याच आळीचा होता. त्याच्या दारात उभं राहून त्याने कितीतरी वेळा तीच मूठ ताईला दाखवली होती. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. त्या सगळ्या दिवसात मला सगळ्यात जास्त भीती तिथे वाटली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पाईप उतरवला. कासरा सोडला, पाईप आडवा झाला, दगडातून घासत निघाला. ताई वरून बघत होती. जात्याची तळी तिथेच राहिली, तिच्या भोकात पावसाचं पाणी साचतं आणि चिमण्या पितात. पाईप गोठ्याला आडवा टाकला आहे. केबलवाल्याने आपणहून घरात वायर दिली. बिचाऱ्याला वाईट वाटलं होतं. नव्या वायरवर पुढच्या रविवारी दुपारी पिक्चर होता. ताई वेळेवर येऊन पडद्यापुढे बसली. मारामारी बघितली, गाणं बघितलं, बराच वेळ वाट बघितली. मग उठून भाकरी थापायला गेली. अण्णांनी केबलवाल्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, करतो. अजून केलेलं नाही.

आता मी संगमनेरला कॉलेजात आहे, होस्टेलवर राहतो. आमच्या घरातून एवढं शिकायला बाहेर पडलेला मीच पहिला आणि सगळ्यांना त्याचा आनंद आहे. ताईलाही आहे. पण ती बोटं आता आम्हा तिघांनाच येतात, आईला, अण्णांना आणि मला. अण्णा दिवसभर रानात असतात. मी इथे. मनात हिशेब मांडायचा नाही असं ठरवतो, तरी तो मांडला जातो.

या दिवाळीला घरी गेलो होतो. परत यायच्या आदल्या दिवशी सकाळी आई शेणाने अंगण सारवत होती आणि मी पिशवी भरत होतो. ताई स्लॅबवर होती. पाईप नसल्यामुळे तिला बोलवायचं तर आता वर चढून जावं लागतं. तिलाच काही सांगायचं असलं तर ती कठड्याशी येऊन कुणी बघेपर्यंत उभी राहते. तशी ती उभी होती, हात वर करून. आईने मान वर केली. डोळ्यांवर आडवा हात धरला. थोडी पुढे गेली, थोडी मागे आली. मग माझ्याकडे न बघताच हळू आवाजात विचारलं,

"बघ रं जरा. मूठ हाय का पंजा?"